चित्रपटासाठीं संगीतरचना

चित्रपटगृहांतून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा एखादें गाणें गुणगुणत घरीं जातो. तें कोणी गायिलें हें त्यास ठाऊक असतें, पडद्यावर कोणी ओठ हालविले हें तर असतेंच असतें, आणि तो थोडा चौकस असेल तर चाल कोणी लाविली हेंही तो सांगूं शकतो. परंतु नायिका पत्र फोडीत असतां मागें जी सतार मंदपणें वाजत होती, ती नेमकी त्याच क्षणीं कां सुरू झाली व पत्र वाचून संपण्यापूर्वींच कां थांबली, याचा विचार शंभरांत एखादाही करीत नाहीं. गंमत अशी कीं, प्रेक्षकानें असा विचार करूं नये अशीच ती सतार तेथें योजणाऱ्याची इच्छा असते.

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी अलीकडे विचारूं लागले आहेत कीं, 'म्युझिक डायरेक्टर' होण्यास काय करावें लागतें. विचारणाऱ्यांच्या मनांत गाण्याची चाल, टाळ्या आणि वर्तमानपत्रांतील छायाचित्र यांपलीकडे फारसें कांहीं नसतें, असें आमच्या ध्यानांत आलें. म्हणून या व्यवसायाची थोडी विस्तारानें ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

आपल्या देशांत चित्रपट बोलूं लागला तो १४ मार्च १९३१ रोजीं. त्या दिवशीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' लागला, व त्यांत ७ गाणीं होतीं. पुढच्याच वर्षीं निघालेल्या 'इंद्रसभा' या बोलपटांत तर ७० च्या आसपास गाणीं होतीं! संगीत नाटकांची चटक लागलेल्या प्रेक्षकांस गाण्यावांचून खेळ ही कल्पनाच रुचणारी नव्हती. त्याच १९३२ सालीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें 'अयोध्येचा राजा' काढला. त्याचें संगीत गोविंदराव टेंबे यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे हे नामांकित पेटीवादक व संगीत रंगभूमीवरील जाणते रचनाकार. तेथील विद्या त्यांनीं जशीच्या तशी बोलपटांत आणली.

त्या काळीं गाणें व चित्र एकाच वेळीं घेतलें जाई. नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून गात असे, आणि तबलजी व पेटीवाले झाडामागें किंवा पडद्याआड दडून साथ करीत. नट गात गात चालूं लागला, तर साथीदारांसही दबकत दबकत त्याच्या मागोमाग सरकावें लागे. अशा स्थितींत दोनचारांहून अधिक वाद्यें ठेवणें शक्यच नव्हतें. १९३५ सालीं कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्यें नितीन बोस व रायचंद बोराल यांनीं 'धूपछाँव' या बोलपटांत गाणें अगोदर मुद्रित करून मागाहून त्यावर चित्र घेण्याची रीति आणली. या युक्तीनें गाणारा मोकळा झाला, दिसणारा मोकळा झाला, आणि वादक झाडामागून बाहेर आले. दोनचारांचे दहा झाले, दहांचे पुढें चाळीस-पन्नास झाले. मग प्रश्न उभा राहिला कीं, या चाळीस जणांनीं वाजवावें काय? साथ करणारा एकटा सारंगिया गायकाच्या मागोमाग आपल्या बुद्धीनें जातो. चाळीस जण आपापल्या बुद्धीनें जाऊं लागले तर बाजार भरेल. चित्रपटसंगीताची खरी कारागिरी येथें सुरू होते.

चाल लावणें हें या कामाचें सर्वांस दिसणारें अंग. त्याविषयीं आम्ही थोडेंच लिहितों, कारण त्याचा बोलबाला पुष्कळ आहे. दिग्दर्शक प्रसंग सांगतो, गीतकार शब्द देतो (किंवा चाल अगोदर होऊन शब्द मागाहून त्यांत बसविले जातात), गाणाऱ्याचा गळा कोठवर चढतो हें पाहून पट्टी ठरते. यांत एक अट मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें सव्वातीन मिनिटेंच ध्वनि मावत असे. जो राग बैठकींत अर्धा-पाऊण तास उलगडत जातो, त्याचा सुगंध तेवढ्यांत द्यावयाचा, आणि त्यांतही दोन कडव्यांमध्यें वाद्यांस जागा ठेवावयाची! तबकडी गेली, परंतु त्या मापाची संवय पुढें कित्येक वर्षें टिकली.

दुसरें अंग वाद्यमेळाचें. संगीत दिग्दर्शकांपैकीं पुष्कळांस पेटीवर चाल काढतां येई व ती गाऊन दाखवितां येई. परंतु वीस व्हायोलिनें, चार चेलो, दोन ट्रंपेट, बांसरी, सतार, ढोलक या प्रत्येकानें कोणत्या मात्रेवर शिरावें व कोणत्या मात्रेवर थांबावें, हें सर्व कागदावर मांडावयाचें असतें. पंडित भातखंडे व पंडित पलुसकर यांनीं आपल्या संगीतासाठीं स्वरलिपि सिद्ध केल्या, आणि एका सुरावटीची नोंद ठेवण्यास त्या उत्तम आहेत. परंतु एकाच क्षणीं दहा निरनिराळ्या सुरावटी चालूं असतां त्या एकाखालीं एक दिसाव्या, यासाठीं पाश्चात्यांची पांच रेषांची लिपि अधिक सोयीची पडते. ही लिपि वाचणारीं व लिहिणारीं माणसें मुंबईस मिळालीं तीं मुख्यत्वें गोव्याहून.

याचें कारण गोव्यांतील गांवोगांवच्या चर्चला जोडलेल्या शाळांत आहे. पोर्तुगीज अमदानींत या शाळांत लहान मुलांस अक्षरओळखीबरोबर स्वर वाचावयास व पुष्कळदां व्हायोलिन धरावयास शिकवीत. हेतु एवढाच कीं, रविवारच्या उपासनेंत गायकवृंद तयार असावा. ज्या गुरुजींनीं छडी हातांत घेऊन ते स्वर घोकून घेतले, त्यांच्या स्वप्नांतही कधीं आलें नसेल कीं, या पोरांच्या हातून पुढें अवघ्या हिंदुस्थानच्या ओठांवरील गाण्यांचा साज लिहिला जाणार आहे. पोट भरण्यासाठीं हीं मुलें मुंबईस आलीं, हॉटेलांतील नृत्यवृंदांत व मूकपटांच्या चित्रगृहांत वाजवूं लागलीं, आणि बोलपटांचे दिवस येतांच ध्वनिमुद्रणगृहांत शिरलीं.

अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीं एक. यांचा जन्म १९२७ सालीं गोव्यांतील माजोर्डा या गांवीं झाला. मुंबईच्या चित्रपटांत त्यांनीं व्हायोलिन वाजविलें व वाद्यमेळ लिहिले. प्यारेलाल शर्मा व राहुलदेव बर्मन यांनीं त्यांच्यापाशीं धडे घेतले. आपले राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांची जोड घालण्याचा त्यांस ध्यास होता, आणि त्यासाठीं १९५८ सालीं त्यांनीं एक मोठा वाद्यवृंदही उभा केला. सेबॅस्टियन डिसूझा हे फाळणीपूर्वीं लाहोरास वाद्यवृंद चालवीत. ते मुंबईस आल्यावर शंकर-जयकिशन या जोडीच्या गाण्यांचा साज अनेक वर्षें त्यांनीं लिहिला. गाणाऱ्याच्या स्वराखालून दुसरीच एक सुरावट व्हायोलिनांवर वाहात ठेवावी, ती गाण्यास आड येऊं नये आणि नसली तर मात्र गाणें उघडें वाटावें, ही त्यांची हातोटी होती. पुणतांब्यास जन्मलेले आमचे सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटांत जी पाश्चात्य ढंगाची नाचरी लय आहे, तींत चिक चॉकलेट या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या अंतोनियो झेवियर वाझ या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा मोठा भाग आहे.

काम असें चाले. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल वाजवून दाखवी. शेजारीं बसलेला अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहिणारा, ती टिपून घेई. घरीं जाऊन रात्रभर जागून प्रत्येक वाद्याची ओळ मांडी. मग त्याच्या प्रती होऊन सकाळीं प्रत्येक वादकापुढें आपापला कागद येई. ताडदेवचें फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब या ध्वनिमुद्रणगृहांत त्या काळीं गायक व सर्व वादक एकाच वेळीं मुद्रित होत. तिसऱ्या रांगेंतील एका व्हायोलिनवाल्याचा गज चुकला कीं सर्वांनीं पुन्हा आरंभापासून! कागदांत चूक असेल तर पन्नास माणसांचा खोळंबा होई. एवढें असूनही पडद्यावर संगीत दिग्दर्शकाचें नांव ठळक अक्षरांत येई, आणि कागद लिहिणारा 'सहाय्यक' या शब्दाखालीं बारीक टाइपांत येई किंवा येतच नसे. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत नायकाच्या तोंडीं एक गाणें आहे, त्यांत तो आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असें सांगतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील प्यारेलाल यांनीं आपल्या गुरूचें नांव तेथें सुचविलें, असें सांगतात. गाणाऱ्या लाखों लोकांस मात्र हें नांव खऱ्या मनुष्याचें आहे याची वार्ताही नव्हती. गोन्साल्विस २०१२ च्या जानेवारींत गोव्यांत निवर्तले.

आतां तिसरें अंग. आमच्या मतें सर्वांत कठीण व सर्वांत कमी वाखाणलें जाणारें, तें म्हणजे पार्श्वसंगीत. गाण्यांत चित्र संगीताच्या मागें चालतें; पार्श्वसंगीतांत संगीतास चित्राच्या मागें चालावें लागतें. चित्रपट तयार झाल्यावर दिग्दर्शक व संगीतकार तो एकत्र बसून पाहतात, आणि कोठें संगीत असावें, कोठें नसावें, हें ठरवून सेकंदांची टिपणें करितात. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदास २४ चित्रें धांवतात. जुन्या ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटांत १६ चित्रें बसत, म्हणजे एका मिनिटास ९० फूट फीत लागे. संगीतकार फुटांवर हिशेब करीत. आतां संगणक हा हिशेब करून देतो, पण हिशेब तोच आहे.

एक उदाहरण घेऊं. अंधाऱ्या घरांत एक म्हातारी एकटी बसली आहे. प्रसंग सुरू झाल्यापासून बरोबर ३१ व्या सेकंदास दारावर थाप पडते. ती थाप समेवर यावी अशी संगीतकाराची इच्छा आहे. त्यानें त्रितालाच्या १६ मात्रा धरल्या व मिनिटास ६० मात्रांची लय ठेविली, तर दोन आवर्तनें होण्यास ३२ सेकंद लागतील आणि सम थापेनंतर पूर्ण एक सेकंद उशिरानें पडेल. बैठकींत एक सेकंदाची सूट गवई सहज भरून काढील. पडद्यावर तेवढ्यांत २४ चित्रें निघून जातात व घाव वायां जातो. उपाय दोन. लय किंचित् वाढवून मिनिटास ६२ मात्रा केल्या, तर दोन आवर्तनें सुमारें ३०.९७ सेकंदांत पुरीं होतात. राहिलेला फरक एका चित्राच्या वेळाहूनही कमी, तो कानास कळत नाहीं. किंवा लय ६० च ठेवून संगीत एक सेकंद अगोदर, मागील प्रसंगाचें शेवटचें चित्र दिसत असतांनाच, सुरू करावें. दुसरी युक्ति पुष्कळदां अधिक शोभते, कारण त्यामुळें दोन प्रसंगांतील सांधा झांकला जातो. वादकांच्या कानांवर 'क्लिक' म्हणून एक टिकटिक बांधलेली असते, ती त्यांस लयींतून ढळूं देत नाहीं. गणिताचा कंटाळा करणाऱ्या आमच्या गायक विद्यार्थ्यांनीं हा परिच्छेद पुन्हा वाचावा, अशी आमची शिफारस आहे.

लय जुळली म्हणजे झालें, असेंही नाहीं. पात्र बोलत असतां त्याच्याच आवाजाच्या उंचीवर व्हायोलिन वाजलें तर शब्द बुडतात. तेव्हां स्त्री बोलत असेल तर वाद्यांस खालच्या सप्तकांत न्यावें लागतें. तसेंच जें चेहरा सांगतो तें वाद्यानें पुन्हा सांगण्याची गरज नसते. रडणाऱ्या मनुष्यामागें सारंगीही रडूं लागली कीं प्रेक्षकांच्या वांट्यास रडणें उरत नाहीं.

या बाबतींत प्रभातच्या 'कुंकू' (१९३७) या बोलपटाची आठवण करून द्यावीशी वाटते. संगीत दिग्दर्शक केशवराव भोळे. 'अमृतमंथन' व 'संत तुकाराम' यांचें संगीत दिलेला हा मनुष्य, पार्श्वसंगीताचा हात चांगला बसलेला. आणि या बोलपटांत पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य! म्हाताऱ्या नवऱ्याशीं फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची ती कथा. घरांतले व रस्त्यावरचे स्वाभाविक आवाज तेवढे ऐकूं येतात. भिंतीवरचें जुनें घड्याळ तर एक पात्रच होऊन बसतें. नायिका गाते तीही ग्रामोफोन लावून वगैरे, म्हणजे साथ कोठून आली हें आपणांस दिसतें. जेथें वाजवितां येत असूनही थांबावयाचें, तेथें संगीतकाराची परीक्षा होते. ती परीक्षा देण्याचें धैर्य त्या काळीं या मंडळींनीं दाखविलें, आणि आजच्या कित्येक चित्रपटांस तें नाहीं, असें आम्हांस स्पष्टपणें वाटतें.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' (१९५५) या चित्रपटाचें संगीत पंडित रविशंकर यांनीं जेमतेम एका रात्रीच्या बैठकींत केलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तिच्यावरून हें काम झटपट होतें असा ग्रह कोणी करून घेऊं नये. रविशंकरांच्या पाठीशीं पुष्कळ वर्षांची तालीम होती, आणि मिळालेले तुकडे कोठें किती लावावयाचे हें ठरविणारा दिग्दर्शक स्वतः संगीताचा मर्मज्ञ होता. १९६१ सालच्या 'तीन कन्या' पासून तर राय आपल्या चित्रपटांचें संगीत स्वतःच करूं लागले.

दूरचित्रवाणीची तऱ्हा निराळी. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि मालिकांचा सुकाळ त्यानंतर दहाबारा वर्षांनीं आला. रोज एक भाग दाखविणाऱ्या मालिकेस प्रत्येक प्रसंगासाठीं नवें संगीत करण्यास वेळ कोठला! म्हणून संगीतकार आरंभींच आनंद, संशय, विरह, संकट असे तुकडे करून ठेवितो, आणि संकलक ते रोज कापून लावितो. सासूबाईंनीं भुंवई उंचावली कीं तोच मेघगर्जनेसारखा आवाज तीनदां, याचें रहस्य हेंच. मात्र शीर्षकगीत ही एक स्वतंत्र कला झाली आहे. मिनिटभराच्या त्या गाण्यानें स्वयंपाकघरांतील माणसास बाहेर बोलवावयाचें असतें. 'आभाळमाया', 'वादळवाट' या मालिकांचीं अशोक पत्की यांनीं केलेलीं शीर्षकगीतें मालिका संपून वर्षें लोटलीं तरी लोकांच्या स्मरणांत आहेत. पत्की यांनीं जाहिरातींसाठींही पुष्कळ काम केलें, आणि 'अंतर्नाद' या कोंकणी चित्रपटासाठीं राष्ट्रीय पारितोषिक मिळविलें.

याच क्षेत्रांत वनराज भाटिया यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. लंडनच्या रॉयल अॅकॅडमींत आणि पुढें पॅरिसमध्यें नादिया बुलांजे या थोर शिक्षिकेपाशीं शिकून आलेला हा रचनाकार मुंबईंत हजारों जाहिरातींचें संगीत करीत होता. श्याम बेनेगल यांच्या 'अंकुर' पासून तो चित्रपटांकडे वळला. 'तमस' या दूरदर्शनपटाच्या संगीतास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. १९८८ सालच्या 'भारत एक खोज' मालिकेच्या आरंभीं ऋग्वेदांतील नासदीय सूक्तास त्यांनीं दिलेला स्वरसाज ज्यांनीं ऐकला ते विसरणार नाहींत. २०१२ सालीं पद्मश्री मिळालेल्या या संगीतकारास उतारवयांत पैशाची अडचण सोसावी लागली, हें २०१९ सालीं वर्तमानपत्रांत आलें होतें. ७ मे २०२१ रोजीं त्यांचें निधन झालें.

तेव्हां या धंद्यांत पैसा कोणास व कसा मिळतो, हें सांगितल्यावांचून ही माहिती अपुरी राहील. आपल्याकडे संगीतकारास बहुधा कामाचे ठोक पैसे मिळत. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, निर्मात्यानें पैसे देऊन चित्रपटासाठीं संगीत करवून घेतलें, तर उलट करार नसल्यास त्याचा प्रथम स्वामी निर्माताच. गाणें चाळीस वर्षें वाजो, रचनाकाराच्या घरीं कांहीं येणें बंधनकारक नव्हतें. २०१२ च्या दुरुस्तीनें हें बदललें. चित्रपटगृहांत चित्रपटाबरोबर वाजणें सोडून इतरत्र, म्हणजे नभोवाणी, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनि इत्यादि ठिकाणीं, गाणें वाजलें तर त्याच्या मानधनांत गीतकार व संगीतकार यांचा समान वांटा राहतो, आणि तो हक्क निर्मात्यास विकून टाकतां येत नाहीं.

याहूनही चमत्कारिक गोष्ट आमच्या पाहण्यांत आली ती १९५७ च्या मूळ कायद्यांतील व्याख्येची. त्या कायद्याप्रमाणें 'संगीतकृति' म्हणजे छापलेली, लिहिलेली अथवा अन्य प्रकारें रेखांकित केलेली स्वररचना. पेटीवर चाल वाजवून दाखविणाऱ्या मोठमोठ्या संगीतकारांची कृति, जोंपर्यंत कोणी ती कागदावर उतरवीत नाहीं तोंपर्यंत, त्या व्याख्येंत बसणें अवघड! आणि ती उतरविणाऱ्याचें नांव तर पाटीवर नाहीं. १९९४ सालीं ही व्याख्या सुधारली. आतां लिहिलेलें असो वा नसो, संगीत तें संगीत. परंतु वाद्यमेळ लिहिणाऱ्यास वेगळा वांटा त्यानंतरच्याही कोणत्या दुरुस्तीनें दिलेला नाहीं. त्याच्याशीं जो करार होईल तोच खरा. पार्श्वसंगीताची कदर तेवढी थोडी वाढली आहे. २००९ च्या चित्रपटांपासून राष्ट्रीय पारितोषिकांत गाणीं व पार्श्वसंगीत यांस निरनिराळीं पारितोषिकें देण्याची प्रथा पडली, आणि पार्श्वसंगीताचें त्या वर्षींचें पारितोषिक इळैयराजा यांस मिळालें. संपूर्ण वाद्यमेळ स्वतःच्या हातानें पांच रेषांवर लिहिणारे म्हणून त्यांची ख्याति आहे.

शिक्षणाच्या सोयी आतां पुष्कळ आहेत. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा महाराष्ट्रांत गांवोगांवीं होतात, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या स्वरवाचनाच्या व वादनाच्या परीक्षा मुंबई-पुण्यास देतां येतात, चेन्नईस ए. आर. रहमान यांनीं २००८ सालीं स्वतंत्र विद्यालय काढलें. पुण्यांत ज्या जागीं प्रभातचा स्टुडिओ होता, तेथेंच आज चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे, आणि भास्कर चंदावरकर यांच्यासारखा रचनाकार तेथें पुष्कळ वर्षें शिकवीत असे. घरच्या संगणकावर साऱ्या वाद्यवृंदाचे आवाज काढतां येतात हें खरें; त्यामुळें आरंभ करणें सोपें झालें, पण वादकांचीं कामें कमी झालीं, हेंही तितकेंच खरें. मोठ्या वाद्यवृंदाचें काम मात्र अजून कागदावरच चालतें. 'सैराट' (२०१६) या मराठी चित्रपटासाठीं अजय-अतुल यांनीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिसच्या वादकांकडून वाजवून घेतलें. त्या वादकांस मराठी येत नव्हतें, पेटीवर दाखविलेली चाल टिपून घेण्यास त्यांच्यापाशीं वेळही नव्हता. त्यांच्यापुढें स्वर लिहिलेले कागद ठेवले गेले, आणि ते वाचून त्यांनीं वाजविलें.